वगळलेलं पान

मीनू गेल्यावर आमच्या घरात पहिल्यांदा बंद पडलं ते मराठी. तसं कुणी ठरवून केलं नाही. लखनौच्या त्या रेल्वे कॉलनीत आमचं एकच मराठी घर होतं, आणि माझी धाकटी बहीण मीनू, नऊ वर्षांची, आईने मराठीत काहीही विचारलं की उत्तर हिंदीत देई. "मीनू, दूध घेतलंस?" "हाँ, पी लिया." मग आई म्हणे, "मराठीत सांग," आणि मीनू तोंड वाकडं करून म्हणे, "घेतलं बाई, घेतलं." दिवसातून वीसदा तरी हे चाले. आमच्या घरातलं निम्मं बोलणं या एका भांडणावर उभं होतं, हे ती नसताना कळलं. पावसाळा सरता सरता तिला ताप आला, चार दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल, कारण त्याबद्दल आमच्यापैकी कुणीच कधी बोललं नाही आणि आता आठवणारी मी एकटीच उरले आहे.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, दहावीत. बाबा रेल्वेत इंजिनिअर, मूळचे मिरजेचे. आई सांगलीची. आई तेव्हा छत्तीस वर्षांची होती, हे आज लिहिताना मला खरं वाटत नाही. माझी धाकटी सूनसुद्धा आज तिच्याहून मोठी आहे. पण त्या वेळी आई मला म्हातारीच वाटू लागली होती. तिचे केस पिकले नव्हते, की ती वाकली नव्हती. ती फक्त सगळं सावकाश करू लागली होती. कपाट उघडलं की उघड्या कपाटासमोर उभी राही. पोळी तव्यावर टाकली की तिच्याकडे बघत राही, आणि बरोबर वेळेला उलटवी. काही करपत नसे, काही उतू जात नसे. भाजीत मीठ असे, चहात साखर असे. रडारड नव्हती. शेजारच्या शुक्ला चाची रोज येऊन बसत आणि म्हणत, "बहू, एक बार खुलके रो लो, हल्की हो जाओगी." आई मान डोलवी आणि त्यांना चहा करून देई. मीही रडले नव्हते. लोकांना सांगायला लाज वाटे, पण मला काही होतच नव्हतं. शाळेत जायचे, यायचे, भूगोलाचे नकाशे भरायचे. थंडीत फार वेळ उघड्यावर राहिलं की बोटं आपली राहत नाहीत, चिमटा घेतला तरी दुसऱ्या कुणाला घेतल्यासारखा वाटतो, तसं काहीतरी सगळ्या अंगाचं झालं होतं.

आता मी लखनौच्याच इंदिरा नगरात राहते आणि अडुसष्ट वर्षांची आहे. डिसेंबर लागला की माझ्या बोटांचं खरोखरच तसं होतं. सकाळी गच्चीवर उन्हाची वाट बघत पुस्तक घेऊन बसते तेव्हा पान उलटताना दोन दोन पानं एकदम उलटली जातात आणि ते लगेच कळतही नाही. शेजारच्या पेरूवर पोपट येतात, अर्धे पेरू खातात, अर्धे खाली टाकतात. नातू खालून ओरडतो, "आजी, कोहरे में ऊपर मत जाया करो." मी त्याला मराठीत उत्तर देते, तो हिंदीत वाद घालतो. मी त्याला "मराठीत सांग" असं कधीच म्हणत नाही.

त्या वर्षी धुकं लवकर उतरलं. सकाळी दार उघडलं की समोरचा कडुनिंब नसायचा. मग दहा-साडेदहाला आधी त्याचा बुंधा यायचा, मग फांद्या, आणि शेवटी त्याच्यावर अंग फुगवून बसलेले सातभाई. दिसत काही नसे, म्हणून ऐकूच फार येई. सायकलींच्या घंट्या, बथुआची पालेभाजी आणि मटार विकणाऱ्याची हाक, आणि दूर रुळांवरचे फटाके. धुक्यात ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या बरंच अलीकडे रुळाला फटाका बांधून ठेवतात. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि सिग्नल जवळ आल्याचं ड्रायव्हरला कळतं. हे फटाके बांधायला गँगमन रामसुमेर जात असे. तो आमच्या क्वार्टरमागच्या चाळीत राहायचा. मीनू असताना आम्ही अंथरुणात पडून फटाके मोजायचो. त्या हिवाळ्यात मी एकटीनेही मोजत असे, पण मध्येच आकडा विसरायची.

एरवी धुंधुरमासात आई पहाटे उठून मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करी आणि सूर्य उगवायच्या आत जेवायला बसवी. लखनौत सूर्य उगवला की नाही हे कळायचंच नाही, म्हणून बाबा घड्याळ बघून "चला, उगवला" म्हणत. त्या वर्षी धुंधुरमास कधी लागला ते कुणी काढलं नाही. शुक्ला चाची वाटीतून निमोना, म्हणजे त्यांच्याकडची वाटलेल्या मटारांची आमटी, आणून देत. ती आम्ही खात असू.

डिसेंबरच्या मध्याला सांगलीहून मामाचं पत्र आलं. सुमनला काही महिने माहेरी पाठवा, इथे माणसं आहेत, हवा बदलेल, असं त्याने लिहिलं होतं. बाबांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि आईकडे बघितलं. आईने मटार सोलणं थांबवलं नाही. बाबा म्हणाले, "पास काढतो मी. संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारची गाडी. चालेल?" आई म्हणाली, "बरं." दोन महिन्यांत तिने उच्चारलेल्या शब्दांपैकी निम्मे तरी "बरं" असतील. मला मात्र भीती वाटली. एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत वाटली, म्हणून ती नीट आठवते. ही तिकडे गेली तर तिथल्या कपाटासमोर जाऊन उभी राहील आणि परत यायचं असतं हे विसरून जाईल, असं मला वाटलं.

बाबांनाही तसंच काहीसं वाटत असावं. एका सकाळी कामावर निघताना मफलर गुंडाळत ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "शैला, सुट्टी आहे ना तुला? तिला काहीतरी वाचून दाखव. मराठी. ऐकेल, न ऐकेल, तू आपली वाच."

आमच्याकडे मराठी पुस्तकं दहा-बारा होती. त्यात एक कादंबरी आईने माहेरून आणलेली. तिचं कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे तिचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. डोंगरातल्या एका गावात बदली होऊन आलेल्या मास्तरांची आणि त्यांच्या बायकोची ती गोष्ट होती. दर हिवाळ्यात आई ती आम्हा दोघींना वाचून दाखवी, आमचं मराठी टिकावं म्हणून. गोष्टीच्या मध्यावर मास्तरांची लहान मुलगी तापाने जाते. ते पान आलं की मीनू त्यावर पंजा ठेवून म्हणायची, "ये वाला नहीं." आई हसून पान उलटायची. त्यामुळे त्या पानावर नेमकं काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं. मुलगी आधी असे आणि नंतर नसे, एवढंच.

मी तीच कादंबरी काढली. का काढली, सांगता येत नाही. दुसरी पुस्तकं होती, पण ती वाचायची आम्हाला सवय नव्हती. अंगणात ऊन यायला बारा वाजत. खाटेवर आई सुपात मटारच्या शेंगा घेऊन बसे आणि मी तिच्या पायाशी बसून वाचत असे. पाच-सहा दिवस मी वाचत गेले. ती ऐकते आहे असं काही दिसत नव्हतं. शेंगा फुटत होत्या, दाणे ताटलीत पडत होते. चिमण्या साली ओढून नेत होत्या. मी एका सुरात वाचत होते, आणि त्यातलं काही माझ्याही आत जात नव्हतं. सातव्या दिवशी ते पान आलं. मी थांबलेही नाही. ते पान मागच्या पानाला चिकटवून धरलं, दोन्ही एकदम उलटली आणि पुढच्या ओळीवरून सुरू केलं.

"पान सोडलंस," आई म्हणाली.

तिचा आवाज बसलेला होता, बरेच दिवस वापरात नसल्यासारखा. मी म्हटलं, "हं?"

"मधलं एक पान सोडलंस. मागे जा."

"आई, ते..."

"काय आहे ते ठाऊक आहे मला. वाच."

मी वाचलं. मी घाबरले होते ते मुलीच्या मरणाला, पण ते तिथे एका ओळीत उरकलं होतं. बाकी सगळं पान त्यानंतरच्या दिवसांचं होतं. मास्तरांची बायको आपल्या हाताने शिवलेले मुलीचे फ्रॉक धुते, वाळवते, घड्या घालून आळीतल्या एका गरीब बाईला देऊन टाकते. पुढे एकदा त्या बाईची मुलगी त्यातलाच एक फ्रॉक घालून अंगणात खेळायला येते, आणि मास्तरांची बायको तिला बोरं देते, गाल कुरवाळते, आणि फ्रॉक तिच्या लक्षातसुद्धा येत नाही. काळ असा दयाळू असतो, असं काहीतरी लेखकाने शेवटी म्हटलं होतं. मी ते गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं वाचून संपवलं आणि वर बघितलं. आईच्या हातात एक शेंग होती, न सोललेली.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आईने शिवलेला फ्रॉक आई ओळखणार नाही? त्याच आळीत? पाठमोरा, लांबून ओळखेल. लिहिणाऱ्याने उभ्या जन्मात एक बटण लावलं नसेल." तिने शेंग सोलली. मग म्हणाली, "मी इतक्यांदा वाचली ही गोष्ट. मला तेव्हा हे खटकलं कसं नाही?"

मी विचारलं, "पुढे वाचू?"

"आज पुरे."

ती उठली, आत गेली आणि पत्र्याची ट्रंक उघडली. तळातून तिने एक स्वेटर काढला, सुयांसकट. मेहंदी रंगाचा. मीनूला लाल हवा होता, पण लाल मळतो म्हणून आईने मेहंदी लोकर आणली होती, आणि मीनू दोन दिवस रुसली होती. पाठ, पोट, एक बाही झालेली होती. दुसरी बाही कोपरापर्यंत येऊन थांबली होती. आई खिडकीशी बसली, टाके मोजले आणि विणू लागली.

संध्याकाळी बाबा आले ते दारातच थबकले. आई मान खाली घालून विणत होती. त्यांनी मफलर काढला नाही. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी स्वतःच चहाचं आधण ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "कुणासाठी विणतेय ती?"

"माहीत नाही."

"तुझ्याशी काही बोलली?"

मी सांगितलं ते पुस्तकाचं. बाबा ऐकत राहिले. त्यांना ते चांगलं लक्षण वाटलं नाही. गेलेल्या मुलीसाठी आई स्वेटर विणतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "मामांना तार करू का? स्टेशनवर येऊन घेऊन जा म्हणून." मग आधण उकळून गेलं तरी आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

तीन दिवसांत बाही झाली. आईने स्वेटर शिवून जोडला, कोमट पाण्यातून काढला, टॉवेलात गुंडाळून वाळवला. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "चल." आम्ही मागच्या चाळीकडे गेलो. रामसुमेरची बायको दारात शेकोटीसाठी गोवऱ्या मोडत होती. तिची मुलगी बिट्टन मीनूच्याच वर्गात होती, मीनूएवढीच उंच, पण बारीक. ती वडिलांचा जुना शर्ट फ्रॉकवर चढवून भिंतीशी बसली होती. आईचं हिंदी तेव्हाही धड नव्हतं. ती म्हणाली, "ये तुम्हारी बिट्टन के वास्ते है."

बिट्टनच्या आईने पदराला हात पुसले, पण पुढे केले नाहीत. "बहूजी, बिटिया का है?"

"उसके लिए बुना था. पहना नहीं उसने. एक बार भी नहीं."

गेलेल्या मुलीसाठी विणलेली वस्तू आपल्या मुलीच्या अंगावर कशी घालायची, हे त्या बाईच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं, आणि आईसमोर ते बोलायचं कसं हेही. शेवटी ती म्हणाली, "घरवाले आ जाएँ तो पूछ लूँ, बहूजी. बुरा न मानना."

"रख लो. मन नहीं हुआ तो लौटा देना," आई म्हणाली आणि खाटेच्या कडेला स्वेटर ठेवून वळली. मला वाटलं, हे सगळं आता आणखी वाईट होणार. स्वेटर परत येईल, शुक्ला चाचींपर्यंत गोष्ट जाईल, आणि गुरुवारी आई गाडीत बसेल.

दुसऱ्या दिवसापासून आई सकाळी आठला फाटकाशी जाऊन उभी राहू लागली. चाळीतली मुलं आमच्या फाटकावरूनच शाळेला जात. धुकं इतकं असे की मुलं एकदम समोर उगवत आणि दोन पावलांत पुसली जात. सोमवारी बिट्टन वडिलांचा शर्ट घालून गेली. मंगळवारीही. मी आतून शाल आणून आईच्या खांद्यावर टाकली, तेव्हा तिने ती ओढून घेतली नाही आणि टाकूनही दिली नाही. पास बाबांच्या टेबलावर, टाचणी लावून ठेवलेला होता. ट्रंक मी भरत होते, कारण आई भरत नव्हती.

बुधवारी आम्ही दोघी फाटकाशी होतो. आधी मुलांचे आवाज आले. मग धुक्यात एक गडद ठिपका दिसला, चेहरा नाही, काही नाही, नुसता ठिपका. आई म्हणाली, "आली." मला अजून कोण ते कळलं नव्हतं. मग बिट्टन समोर आली, मेहंदी स्वेटर घातलेली, बाह्यांमध्ये पंजे लपवून. आईला बघून ती लाजली, "नमस्ते चाची" म्हणाली आणि पळत सुटली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आई बघत राहिली.

"खांद्यात बसलाय," ती म्हणाली. "बाह्या लांब झाल्या थोड्या."

संध्याकाळी जेवताना ती बाबांना म्हणाली, "अहो, मी उद्या जात नाही."

बाबांचा घास हातात राहिला. "का? बरं वाटत नाही का?"

"सकाळी आठला मी फाटकाशी असते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बिट्टनने घातला आज." एवढ्यावर त्यांना कितपत समजलं असेल कोण जाणे. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पास परत केला आणि मामाला पत्र टाकलं.

यानंतर आई एकदम पूर्वीसारखी झाली, असं लिहिलं तर तेही त्या कादंबरीतल्यासारखंच खोटं होईल. तसं झालं नाही. ती कपाटासमोर उभी राहायची, फक्त थोडा कमी वेळ. संक्रांतीला कॉलनीत घरोघरी उडदाची खिचडी शिजली, तेव्हा तिने मूठभर तिळाचे लाडू वळले आणि चाळीत पाठवले. कादंबरी आम्ही पुढे वाचली नाही. फेब्रुवारीत धुकं संपलं, मग थंडीही संपली आणि बिट्टनचा स्वेटर दिसेनासा झाला, तरी आठ वाजता आई फाटकाशी असे. मी पास झाले. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं. पुढचे कित्येक महिने नाही वाटलं.

म्हातारपणी लोक मला विचारतात, जुनं आठवून त्रास होत नाही का. होत नाही. त्रास व्हायला वेळ लागतो, आणि माझ्या बाबतीत तो नेहमीच जरा जास्त लागत आला आहे.

पुढच्या कार्तिकात हवा पालटली आणि एका सकाळी बिट्टन तो स्वेटर घालून निघाली. बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या आणि पोटावर स्वेटर ताणला होता. आईने फाटक उघडून तिला हाक मारली, "इधर आ." आता चाळीतलं कुणी काही मनात धरत नव्हतं. बिट्टन आत आली. आईने शिवणाच्या डब्यातली टेप काढली, तिला उन्हात उभं केलं आणि मला वही आणायला सांगितली. ही वही आमच्या सगळ्यांच्या मापांची होती. पान उघडलं तर वरती मीनूची मापं होती, आईच्या अक्षरात. त्याखाली जागा होती.

"कितने की हो गई?" आईने विचारलं.

"दस की," बिट्टन म्हणाली आणि ऐटीत उभी राहिली.

"लिही, शैले. छाती पंचवीस. बाही साडेसतरा."

मी लिहिलं. बिट्टन एका पायावर नाचत होती, तिला उशीर होत होता. आईने तिला सोडलं. ती गेल्यावर आई टेप गुंडाळत म्हणाली, "पुढच्या वर्षी परत घ्यावं लागेल माप. वाढत्या अंगाची आहे."

मी वही ठेवली, न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वाहू लागली, पाणी पायांवरून जात राहिलं. ते इतकं गार होतं की पाय दुखले, आणि दुखतंय हे मला नीट कळत होतं. किती वेळ मी रडत होते, सांगता येणार नाही. बाहेर आईच्या चपला वाजल्या आणि दाराशी थांबल्या. मग तिने दोन बोटांनी दार वाजवलं.

"शैले, पाणी वाया चाललंय," ती म्हणाली. "नळ बंद कर आणि मग रड. मी आहे इथे."

मी नळ बंद केला.